ताण किती द्यायचा

पहिल्या आठवड्यातला विद्यार्थी ओळखायचा असेल, तर तो रुग्णाच्या हातात किती किलोचं डंबेल देतो ते पाहावं. समोर सत्तरीच्या बाई आहेत, हाडं ठिसूळ झाल्याचा रिपोर्ट फायलीत आहे. विद्यार्थी रॅकवरून एक किलोचं डंबेल काढतो. बाई गप्पा मारत पंधरा वेळा हात वरखाली करतात, कपाळावर घामाचा थेंब येत नाही, आणि विद्यार्थी फायलीत लिहितो, 'त्रास झाला नाही.' बाजारातून येताना बाईंच्या हातात जी पिशवी असते ती त्या डंबेलच्या चौपट जड असते. कुणी पडलं नाही, कुठे दुखलं नाही, सुपरव्हायझर काही बोलला नाही. पण ज्या हाडांसाठी बाई दोन बस बदलून आल्या, त्या हाडांना त्या अर्ध्या तासात काहीच मिळालं नाही.

ऑस्ट्रेलियात क्लिनिकल एक्सरसाइज फिजिऑलॉजी शिकायला जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या या पुस्तकाचं हस्तलिखित वाचताना मला तो अर्धा तास पुन्हा पुन्हा आठवत होता. प्लेसमेंटवर, म्हणजे क्लिनिकमधल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणावर, विद्यार्थी घेण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. विद्यार्थ्यांचं ज्ञान कमी पडतं म्हणून अडचण येते, असं मला फार क्वचित दिसलं. हृदयाची रचना, इन्शुलिनचं काम, औषधांची नावं त्यांना पाठ असतात. ते अडतात ते भीतीपाशी. माझ्यामुळे या माणसाला काही झालं तर, ही भीती. ती योग्यच आहे. पण तिला वळण लावलं नाही, तर ती विद्यार्थ्याला कमी व्यायाम देण्याची सवय लावते, आणि ही सवय पुढे पंचवीस-तीस वर्षं त्याच्या रुग्णांना भोवते. प्लेसमेंटचे तास असतात ते ही भीती मोजूनमापून वापरायला शिकण्यासाठी, असं माझं ठाम मत आहे.

आधी हा व्यवसाय कोणता, ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'म्हणजे फिजिओथेरपिस्टच ना?' दोघांचं काम बऱ्याच ठिकाणी एकमेकांत मिसळतं, हे खरं. भारतात हे काम बहुतांशी फिजिओथेरपिस्टच करतात. ऑस्ट्रेलियात मात्र एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट हा वेगळा मान्यताप्राप्त आरोग्यसेवक आहे. तो सांधा हाताने सैल करून देत नाही, सुई टोचत नाही, औषध लिहीत नाही. त्याच्या हातात उपचार एकच : व्यायाम. मधुमेह, हृदयविकार, दमा आणि फुप्फुसांचे जुनाट आजार, पक्षाघात, पार्किन्सन, कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार, जुनी कंबरदुखी, नैराश्य, यांपैकी काही घेऊन आलेल्या माणसाची तपासणी करायची, त्याला कोणता व्यायाम, किती जोराचा, किती वेळ, आठवड्यातून कितीदा हे ठरवून द्यायचं, करून घ्यायचं, आणि पुढे वाढवत न्यायचं. जिममधला ट्रेनर निरोगी माणसाला तंदुरुस्त करतो. इथे येणाऱ्याच्या खिशात गोळ्यांची यादी असते.

या व्यवसायाची तिथली संस्था, एक्सरसाइज अँड स्पोर्ट्स सायन्स ऑस्ट्रेलिया, १९९१ साली वेगळ्या नावाने सुरू झाली. मान्यता देण्याचं काम तीच करते. तिच्या नियमांत प्रत्यक्ष कामाच्या तासांची अट आहे : निरोगी माणसांसोबत कामाचे १४० तास, आणि त्यानंतर आजारी माणसांसोबत ३६० तास. अमेरिकेत अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या परीक्षेला बसायचं तर पदव्युत्तर विद्यार्थ्याला ६०० आणि केवळ पदवीधराला १,२०० तास दाखवावे लागतात असा रिवाज राहिला आहे. आकड्यांत एवढा फरक असला तरी दोन्हीकडे प्रत्येक तास वहीत नोंदवायचा असतो आणि त्यावर सुपरव्हायझरची सही लागते. वर्गात पहिला आलेला विद्यार्थीही या वहीशिवाय पुढे जाऊ शकत नाही. ही अट मला अगदी रास्त वाटते.

तासांचं महत्त्व कळायला हा व्यवसाय कोणत्या भीतीशी भांडत उभा राहिला, ते पाहावं लागतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला महिना-दीड महिना अंथरुणाला खिळवून ठेवत. कूस बदलायची ती नर्सने, घास भरवायचा तो नर्सने. बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी अशा रुग्णांना खुर्चीत बसवायला सुरुवात केली आणि १९५२ साली त्याचा अनुभव प्रसिद्ध केला. नुसतं खुर्चीत बसवणं हेही त्या काळी धाडस होतं. पुढच्याच वर्षी लंडनच्या जेरी मॉरिस यांनी दाखवून दिलं, की दिवसभर बसून बस हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. आणि १९६६ साली डॅलसमध्ये पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पावपटीहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने केलं होतं. 'जरा आराम करा' हा सल्ला आपण किती सहज देतो! तो औषधासारखाच मोजून द्यायला हवा.

ही जुनी गोष्ट झाली, असं समजू नये. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना त्या बाजूच्या हाताने जड उचलू नका, हात सुजेल, असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. कॅथरीन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायकांवर अभ्यास केला, त्यातल्या निम्म्यांना हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली, आणि २००९ साली निष्कर्ष मांडले : सूज वाढली नाही, उलट ती अचानक उफाळून येण्याचं प्रमाण वजनं उचलणाऱ्यांमध्ये कमी होतं. बायपासनंतर छातीचं मधलं हाड सांधत असताना हात खांद्याच्या वर नेऊ नका, काही ढकलू नका, काही ओढू नका, असल्या बंधनांबाबतही मेलबर्नमध्ये असाच अभ्यास झाला. हात शरीराजवळ ठेवून, दुखणार नाही इतपत मोकळीक दिलेल्या रुग्णांचं कडक बंधनं पाळणाऱ्यांपेक्षा काही वाईट झालं नाही.

आणि हाडांबद्दल. क्वीन्सलँडमधल्या ग्रिफिथ विद्यापीठात बेलिंडा बेक यांच्या गटाने पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी झालेल्या १०१ बायकांवर केलेला लिफ्टमोर हा अभ्यास मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात वाचायला देते. त्या बायकांनी डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर बार ढकलण्याचा व्यायाम केला. वजन होतं त्यांच्या एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ८५ टक्क्यांहून जास्त, प्रत्येकी पाच वेळा, पाच फेऱ्या. शिवाय बारला लटकून खाली उतरताना पाय जमिनीवर आपटायचे. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, आठ महिने. या बायकांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची १.२ टक्के घटली. एवढ्या जड वजनांत एका बाईची कंबर किंचित धरली, इजेच्या नावाने तेवढंच.

हे वाचून विद्यार्थी उत्साहात येतो आणि उद्याच बार काढायला धावतो. तेव्हा मी त्याला त्या शोधनिबंधातली पद्धत पुन्हा वाचायला लावते. पहिला महिना त्या बायका हलक्या वजनावर फक्त नीट वाकायला, नीट उभं राहायला शिकत होत्या. आठ महिने प्रत्येक फेरीला शिकलेली नजर समोर उभी होती. पाठीचा बाक कुठे बदलला, श्वास कुठे रोखला, कोणत्या फेरीत गुडघा आत वळला, हे पाहणारं माणूस होतं म्हणून ते वजन सुरक्षित झालं. ती नजर व्हिडिओ पाहून येत नाही. ती येते वेगवेगळ्या शेकडो पाठी पाहून, चुकीच्या क्षणी नजर वळवल्याबद्दल शेजारच्या माणसाने टोकल्यावर.

भीती योग्यच आहे असं मी वर म्हटलं, त्याची कारणंही तितकीच खरी आहेत. ट्रेडमिलवरची ब्रूस चाचणी घ्या. ताशी २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ इथून ती सुरू होते आणि दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. माणूस जोराने चालतो तसं त्याचं वरचं बीपी वाढायला हवं. ते वाढायच्या ऐवजी १०हून जास्त खाली आलं आणि सोबत छातीत कळ किंवा ईसीजीत बदल असेल, तर चाचणी तिथेच थांबवायची. इन्शुलिन घेणाऱ्या माणसाची शुगर व्यायामाच्या वेळी चांगली दिसते आणि रात्री झोपेत घसरते. हृदयाची गती मंद ठेवणारं बीटा ब्लॉकर औषध चालू असलेल्या माणसाची नाडी दमल्यावरही फारशी वाढत नाही, म्हणून 'नाडी १०५च आहे, अजून वाढवू' असं म्हणणारा विद्यार्थी रुग्णाला कधी थकव्याच्या टोकाला नेईल ते त्याला कळणारही नाही. तिथे गुन्नार बोर्ग यांचं ६ ते २० आकड्यांचं मोजमाप उपयोगी पडतं : किती कष्ट वाटतात ते रुग्णानेच सांगायचं. पण रुग्ण '११' म्हणतो आणि मान घामाने भिजलेली असते, शब्द तुटत असतात, तेव्हा आकड्यावर विश्वास ठेवायचा की मानेवर? पुस्तकातल्या दुसऱ्या भागात लेखकांनी अशीच उदाहरणं घेतली आहेत. त्यांची उत्तरं लगेच दिलेली नाहीत. आधी विद्यार्थ्याला आपलं उत्तर लिहायला जागा सोडली आहे. ही मांडणी मला फार आवडली.

चांगल्या प्लेसमेंटमध्येही निर्णय असाच टप्प्याटप्प्याने विद्यार्थ्याच्या हातात येतो. पहिले काही दिवस विद्यार्थी पाहतो. मग सुपरव्हायझरच्या शेजारी उभं राहून तपासणीतला एखादा तुकडा करतो, बीपी घेतो, सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत वेळ मोजतो. तीस मीटरच्या सरळ पट्ट्यावर रुग्णाच्या सोबत चालायचं नसतं आणि दर मिनिटाला ठरलेली वाक्यंच बोलायची असतात, कारण 'शाब्बास, अजून जोरात!' एवढ्यानेही अंतर वाढतं. तो हे पहिल्यांदा वाचतो तेव्हा त्याला ते कोरडं वाटतं. दहा रुग्ण झाल्यावर त्यामागचं कारण कळतं. त्यानंतर पूर्ण भेट त्याच्या हातात येते, सुपरव्हायझर खोलीत असतो. शेवटी सुपरव्हायझर खोलीबाहेर, हाक मारली तर येईल इतक्या अंतरावर. या चौथ्या टप्प्यापर्यंत विद्यार्थी पोहोचलाच नाही, तर त्याची वही कितीही भरलेली असो, त्याने स्वतः एकही निर्णय घेतलेला नाही.

इथे सुपरव्हायझरांनाही चार शब्द सांगायला हवेत. विद्यार्थी चुकीचं वजन उचलतोय हे दिसताच आपलं तोंड उघडतं. ते थोडा वेळ मिटून ठेवावं. धोका नसेल तर त्याला ते वजन देऊ द्यावं, आणि भेट संपल्यावर एकच विचारावं : 'तू हेच का निवडलंस?' पहिली उत्तरं गडबडलेली असतात. 'सुरक्षित वाटलं म्हणून.' कोणासाठी सुरक्षित, रुग्णासाठी की तुझ्यासाठी, असा पुढचा प्रश्न मी विचारते, आणि त्यानंतर बराच वेळ शांतता असते. त्या शांततेची घाई करू नये.

वाईट प्लेसमेंटही असतात, आणि लेखकांनी त्या लपवल्या नाहीत याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. विद्यार्थी म्हणजे फुकटचे हात असं मानणारी क्लिनिकं मी पाहिली आहेत. सायकली पुसायच्या, फोन उचलायचे, वर्गात माणसं मोजायची, आठवड्याअखेर सही घ्यायची. ३६० तास म्हणजे पूर्णवेळ कामाचे साडेनऊ आठवडे. त्यांचा पगार नसतो. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने जुलै २०२५पासून शिक्षणशास्त्र, नर्सिंग, सुईणकाम आणि समाजकार्य शिकणाऱ्या तिथल्या विद्यार्थ्यांना प्लेसमेंटच्या काळात भत्ता सुरू केला. एक्सरसाइज फिजिऑलॉजीचा विद्यार्थी त्यात नाही, आणि पुण्याहून किंवा नाशिकहून कर्ज काढून आलेला विद्यार्थी तर नाहीच नाही. तो दिवसा क्लिनिकमध्ये उभा असतो आणि रात्री हॉटेलात भांडी घासतो किंवा गोदामात खोकी भरतो. दमलेल्या माणसाची नजर कमी पाहते. ज्यांनी त्याचे तास ठरवले त्यांनी हेही मोजावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

पैशांचा आणखी एक पेच विद्यार्थ्याला लवकर कळतो. २००६पासून या तज्ज्ञाच्या भेटींचे पैसे मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यातून अंशतः परत मिळतात. त्यासाठी डॉक्टरने जुनाट आजाराची योजना करून द्यावी लागते, आणि एका वर्षात अशा भेटी पाचच मिळतात. त्या पाचांतच आहारतज्ज्ञ येतो, पायांची काळजी घेणारा पोडिएट्रिस्ट येतो. म्हणजे मधुमेहाच्या रुग्णासोबत आपल्या वाट्याला कधी दोन भेटी, त्याही वीस-तीस मिनिटांच्या. अशा दोन भेटींत एक किलोचं डंबेल द्यायची चैन परवडत नाही. पहिल्या भेटीतच नेमकी पातळी शोधावी लागते, आणि दुसरी भेट येईपर्यंत तो माणूस घरी एकटा काय करणार, हे त्याच्याशी बोलून ठरवावं लागतं. टाइप टू मधुमेहासाठी गटातल्या आठ भेटींची वेगळी सोय आहे. ती माहीत नसलेले विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

सिडनीच्या पश्चिमेला, पॅरामॅटा, वेंटवर्थव्हिल, ब्लॅकटाउनच्या बाजूला प्लेसमेंट मिळाली, तर मराठी विद्यार्थ्याला आपली माणसं भेटणारच. मुलाकडे राहायला आलेल्या काकू, आयटीत तीस वर्षं खुर्चीत घालवलेले काका. मधुमेहाचा धोका मोजण्याच्या तिथल्या ऑसड्रिस्क प्रश्नावलीत आशियात जन्मलेल्या माणसाचे गुण वाढवून धरतात, आणि आशियाई वंशाच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरला पोहोचली की धोक्याचे गुण मिळू लागतात. इतर बहुतेक पुरुषांना ती मुभा १०२पर्यंत आहे. काका हे ऐकून हसतात, 'आमच्यात पोट असतंच.' एकादशीला किंवा नवरात्रात उपास धरून, सकाळची गोळी घेऊन काकू व्यायामाला येतात आणि 'काही खाल्लं का' या इंग्रजी प्रश्नाला 'यस यस' म्हणतात, कारण साबुदाण्याची खिचडी कालची असली तरी खाल्लेलीच असते. हे मराठी विद्यार्थ्याला एका वाक्यात कळतं. छातीत जड वाटणं आमच्याकडे 'गॅस झालाय' म्हणून सांगितलं जातं, हेही त्याला ठाऊक असतं. दुसऱ्या कुणाला जे शोधायला तीन भेटी लागतील, ते याला दारातच मिळतं.

पण त्याची एक अडचणही तिथेच उभी राहते. वडीलधाऱ्या माणसाला 'अजून दोन' असं म्हणणं आपल्या मुलांना जड जातं. काकूंनी नको म्हटलं की यांचा हात थांबतो. शेजारचा ऑस्ट्रेलियन विद्यार्थी हसत हसत त्याच काकूंकडून आणखी चार स्क्वॉट करून घेतो. मान देणं म्हणजे सूट देणं, हे आपल्या घराघरात रुजलेलं आहे. या पुस्तकात त्यावर तीन पानं आहेत, आणि माझ्या मते ती सगळ्यात आधी वाचावीत. आग्रह करण्याची रीतही आपल्याच घरात आहे. जेवणाच्या पंगतीत आपण ती रोज वापरतो. 'काकू, माझ्यासाठी अजून दोन, मग बसा' असं म्हणणारी मुलगी काकूंचा अपमान करत नाही, आणि काकूंना ते बरोबर कळतं.

मनाच्या आजारांबद्दलचं प्रकरण छोटं आहे, पण मजबूत आहे. सिडनीच्या बोंडाय भागात सायकोसिसच्या पहिल्या झटक्यानंतर औषधं सुरू झालेल्या तरुणांसाठी नर्स, आहारतज्ज्ञ आणि एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट यांनी मिळून १२ आठवड्यांचा कार्यक्रम चालवला. कार्यक्रमातल्या मुलांचं वजन सरासरी १.८ किलो वाढलं, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांचं ७.८ किलो. संख्या लहान होती, फरक मोठा. अशा ठिकाणी प्लेसमेंट मिळालेला विद्यार्थी आणखी वेगळीच भीती घेऊन येतो, आजारी माणसाची भीती. ती बहुतेकदा पहिल्या बास्केटबॉलच्या खेळात निघून जाते.

एक उणीव सांगते, लेखक रागावणार नाहीत. मूत्रपिंड निकामी झालेल्या, डायलिसिसवर असलेल्या माणसांबद्दल या पुस्तकात फक्त दीड पान आहे. डायलिसिस चालू असतानाच खाटेवर पायाने सायकल फिरवण्याचा व्यायाम आज अनेक ठिकाणी करून घेतात, तोही सुरुवातीच्या तासा-दोन तासांत, कारण शरीरातलं पाणी जसजसं निघत जातं तसतसं बीपी खाली येऊ लागतं. तिथे सुई हातात असते, मशीन आवाज करत असतं, आणि घाबरलेला असतो तो एकटा विद्यार्थी नसतो. रुग्ण घाबरलेला असतो, शिफ्टवरची नर्स घाबरलेली असते, आणि त्या नर्सशी काय बोलायचं, कोणते आकडे आधी दाखवायचे, कोणत्या क्षणी तिचं ऐकून सायकल बाजूला ठेवायची, हे विद्यार्थ्याला कुठल्याच पुस्तकात मिळत नाही. पुढच्या आवृत्तीत ते इथे मिळावं.